सासवडच्या माळावरचा पिवळा लांडगा आणि अमेरिकेतले पांढरे

प्रश्न विचारणारा मुलगा सासवडजवळच्या एका गावातून रोज पुण्याला कॉलेजला येतो, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याने लिहिलंय: "मॅडम, अमेरिकेत हजारो वर्षांपूर्वी संपलेला लांडगा जनुकं बदलून परत आणला म्हणतात. असं जमत असेल तर एखादा प्राणी नामशेष झाला म्हणून एवढं काय बिघडलं? दुसरं म्हणजे, आमच्या माळावर तीन लांडग्यांबरोबर एक पिवळसर जनावर फिरतंय. आबा म्हणतात ते लांडगं नव्हं, भेसळ आहे. व्हिडिओ पाठवलाय. ते नेमकं काय आहे?"

तुझा व्हिडिओ चार-पाच वेळा पाहिला. आबांना आधी सांग की त्यांची शंका अगदी रास्त आहे. उभी आयुष्यं मेंढरांमागे गेलेल्या माणसांना लांडग्याची चाल, मान खाली घालून धावण्याची ढब आणि शेपटी धरण्याची पद्धत लांबूनही कळते. पण चालीवरून शंका घेता येते, निवाडा करता येत नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर सांगते. आधी अमेरिकेचं, कारण तिथलं नीट समजलं की आपल्या माळावर काय पणाला लागलंय ते आपोआप उमगेल.

डायर वुल्फ हा अमेरिका खंडातला मोठ्या हाडापेराचा शिकारी. शेवटच्या हिमयुगाच्या अखेरीला, सुमारे 10 ते 13 हजार वर्षांपूर्वी तो संपला. एप्रिल 2025 मध्ये कोलोसल बायोसायन्सेस या कंपनीने जाहीर केलं की तो परत आला आहे, आणि पांढऱ्याशुभ्र पिल्लांचे फोटो जगभर फिरले. प्रत्यक्षात काय केलं ते बघ. सुमारे 13 हजार वर्षं जुना एक दात आणि सुमारे 72 हजार वर्षं जुनी एक कवटी, यांतून डीएनए काढून वाचला. मग आजच्या करड्या लांडग्याच्या रक्तातल्या पेशी घेऊन त्यांच्या 14 जनुकांत 20 ठिकाणी बदल केले. त्या पेशींपासून क्लोनिंगने भ्रूण तयार केले आणि ते पाळीव कुत्रींच्या गर्भाशयात वाढवले. या 20 पैकी 15 बदलच डायर वुल्फच्या डीएनएवरून उचललेले होते. पांढऱ्या रंगासाठीचे बदल मुद्दाम दुसरे निवडले, कारण डायर वुल्फमधले मूळ बदल करड्या लांडग्यात घातले तर बहिरेपणा किंवा अंधत्व येण्याचा धोका होता.

ही शेवटची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. जनुकं ही सुट्या भागांसारखी इकडून काढून तिकडे बसवता येत नाहीत. एका प्राण्यात निर्धोक असलेला बदल दुसऱ्यात घात करतो, कारण भोवतीची बाकीची हजारो जनुकं वेगळी असतात.

आता आकडेमोड कर. लांडग्याच्या जनुकसंचात सुमारे 240 कोटी अक्षरं आहेत. कंपनीच्याच म्हणण्यानुसार दोन्ही प्राण्यांचा डीएनए 99.5 टक्के सारखा आहे. ऐकायला ते एकच वाटतात. पण उरलेला अर्धा टक्का म्हणजे सुमारे 1 कोटी 20 लाख अक्षरं, आणि बदल केले फक्त 20 ठिकाणी. शिवाय 2021 मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या अभ्यासाने दाखवलं होतं की डायर वुल्फची शाखा लांडग्यांच्या कुळापासून सुमारे 57 लाख वर्षांपूर्वीच वेगळी झाली आणि पुढे त्यांच्यात संकर झाल्याची खूण सापडत नाही. हा काळ किती, यावर अजून वाद चालू आहे, पण दोघे वेगळे होते याबद्दल कुणाला शंका नाही. कंपनीच्या मुख्य शास्त्रज्ञ बेथ शापिरो यांनीही नंतर मान्य केलं की हे 20 बदल केलेले करडे लांडगेच आहेत. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या, म्हणजे आययूसीएनच्या, श्वानकुळाच्या तज्ज्ञगटाने तर स्पष्टच सांगितलं की ही पिल्लं डायर वुल्फ नाहीत आणि त्याची जागा घेणारेही नाहीत.

हे तंत्र वाईट आहे असं मात्र मी म्हणणार नाही. अमेरिकेतल्या काळ्या पायांच्या फेरेटचं उदाहरण घे. मुंगसाएवढा, लांबुडका, गवताळ प्रदेशात राहणारा प्राणी. आज जिवंत असलेले सगळे फेरेट सात पूर्वजांपासून आलेत. 1988 मध्ये एका मादीच्या पेशी गोठवून ठेवल्या होत्या आणि तिची पिल्लावळ या सातांत नव्हती. त्या पेशींपासून 2020 मध्ये क्लोन जन्माला आला, आणि 2024 मध्ये त्याच मादीच्या दुसऱ्या क्लोनने पिल्लंही दिली. म्हणजे हरवलेलं आठवं घराणं पुन्हा कुळात आलं. इथे तंत्रज्ञान जिवंत असलेल्या प्रजातीच्या मदतीला आलं आणि जिथे सोडायचं ते गवतही शिल्लक होतं. आपल्याकडे हैदराबादला सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत वन्यप्राण्यांच्या पेशी आणि ऊती जपून ठेवल्या जातात, त्या याच विचाराने.

प्रजाती म्हणजे एक नमुना प्राणी नव्हे. शेकडो-हजारो जिवांमध्ये विखुरलेली विविधता म्हणजे प्रजाती. एखाद्याला रोग चटकन होतो, एखाद्याला होत नाही. कुणी दुष्काळात तगतो, कुणी थंडीत. दोन-तीन पिल्लांत ही विविधता कुठून येणार? त्यातून ती पिल्लं क्लोन. आणि लांडग्याचं पिल्लू शिकार करायला कळपात शिकतं. त्यांना डायर वुल्फ कसा जगायचा ते दाखवणारं जगात कुणीही नाही.

ही विविधता आटली की काय होतं, हे लांडग्यांमध्येच कुणी डोळ्यांनी पाहिलं असेल तर ते आइल रॉयलच्या शास्त्रज्ञांनी. उत्तर अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरातलं हे बेट. 1940 च्या दशकाच्या शेवटी काही लांडगे गोठलेल्या सरोवरावरून चालत तिथे पोचले. मूस नावाची म्हशीहून मोठी हरणं मारून त्यांचा वंश वाढला, 1980 मध्ये संख्या 50 झाली. मग कुत्र्यांचा पार्व्होव्हायरस बेटावर आला आणि दोन वर्षांत ते 14 वर आले. उरलेले आपापसांत वीण करत राहिले. 1997 मध्ये कॅनडाच्या बाजूने एक नर बर्फावरून आला. त्या एकट्याच्या रक्ताने कळप काही वर्षं सावरला. पण पुढच्या काही पिढ्यांत बेटावर त्याचेच वंशज झाले आणि पुन्हा जवळच्या नात्यातली वीण सुरू झाली. पिल्लं मणक्यांचे दोष घेऊन जन्मायला लागली. शेवटी राहिले दोन लांडगे, एक नर आणि एक मादी. ते एकमेकांचे बाप-लेक होते आणि सावत्र भावंडंही, कारण दोघांची आई एकच. त्यांना जगणारी पिल्लं झाली नाहीत. 2018 आणि 2019 मध्ये बाहेरून 19 लांडगे आणून सोडले, तेव्हा बेटावर लांडगा टिकला.

हे बेट मला सारखं आठवतं, कारण आपल्याकडेही बेटं तयार झाली आहेत, फक्त भोवती पाणी नाही. रणथंबोरच्या वाघांचे जनुकसंच बंगळुरूच्या एनसीबीएस या जीवशास्त्र संशोधन संस्थेतल्या उमा रामकृष्णन यांच्या गटाने वाचले. 2021 मध्ये आलेल्या त्या अभ्यासात दिसलं की एकट्या पडलेल्या या वाघांमध्ये घातक बदल एकूण कमी आहेत, कारण फार वाईट बदल असलेली पिल्लं जगतच नाहीत. पण जे उरलेत ते दोन्ही पालकांकडून आल्यामुळे दुहेरी झालेत. असा बदल एकेरी असेल तर दुसरी चांगली प्रत वेळ मारून नेते. दुहेरी झाला की आडोसा संपतो. ओडिशातल्या सिमिलीपालचे जाड काळ्या पट्ट्यांचे वाघ हेही लहान, तुटक गटाचंच लक्षण. एकाच जनुकातला एक बदल तिथे पसरलाय.

पण या अभ्यासांमुळे सगळा दोष जनुकांच्या माथी मारू नकोस. मेक्सिकोजवळच्या समुद्रात वाकिता नावाचा छोटा पॉरपॉइज, म्हणजे डॉल्फिनच्या नात्यातला प्राणी आहे, दहाच्या आसपास उरलाय. 2022 मध्ये त्याचे जनुकसंच तपासल्यावर कळलं की त्याची संख्या हजारो पिढ्या लहानच होती, त्यामुळे घातक बदल आधीच बरेचसे गाळले गेलेत. मासेमारीची जाळी पूर्ण थांबली तर तो आजही सावरू शकतो. त्याचा जीव जनुकात नाही, जाळ्यात अडकलाय.

आणि "काय बिघडलं?" याचं उत्तर हवं असेल तर गावच्या म्हाताऱ्यांना गिधाडांबद्दल विचार. मेलेला बैल तासा-दोन तासांत हाडांवर यायचा, हे त्यांनी पाहिलेलं आहे. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक गिधाडांच्या मूत्रपिंडाला मारक ठरतं, हे 2004 मध्ये सिद्ध झालं. 2006 मध्ये आपल्याकडे जनावरांसाठी त्याच्यावर बंदी आली. तोवर आपल्या मुख्य जातींतली 95 टक्क्यांहून जास्त गिधाडं गेली होती. मेलेली ढोरं उघड्यावर कुजू लागली, भटकी कुत्री वाढली, पाणी दूषित झालं. 2024 मध्ये छापून आलेल्या अर्थशास्त्रीय अभ्यासाचा अंदाज आहे की गिधाडं गेल्यामुळे 2000 ते 2005 या पाच वर्षांत भारतात सुमारे 5 लाख जास्तीची माणसं दगावली. आणि गिधाड अजून पूर्ण नामशेष झालेलंही नाही, फक्त कमी झालंय.

आता तुझा पिवळा लांडगा.

आपला लांडगा करड्या लांडग्यांचा एक साधा गरम प्रदेशातला प्रकार, असं पूर्वी धरलं जायचं. 2003 च्या सुमारास मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे फक्त आईकडून येणाऱ्या, डीएनएने शंका आणली, आणि 2021 मध्ये पूर्ण जनुकसंच वाचल्यावर चित्र पक्कं झालं: भारतीय लांडगा हा आज जिवंत असलेल्या लांडग्यांच्या सर्वांत जुन्या शाखांपैकी आहे. युरोप-अमेरिकेतले लांडगे एकमेकांचे जवळचे नातलग आहेत. आपला आणि तिबेटचा आधीच वेगळे झालेले. आययूसीएनने 2025 मध्ये आपल्या लांडग्याचं स्वतंत्र मूल्यमापन केलं. त्यानुसार भारत-पाकिस्तान मिळून उरलेत सुमारे तीन हजार. वाघापेक्षाही कमी. त्यातले कित्येक पुरंदर, बारामती, दौंड, इंदापूर, सोलापूरकडच्या माळांवर, मेंढरांच्या आणि उसाच्या मधल्या फटीत जगतात.

2023 मध्ये पुण्याजवळच्याच माळावरून बातमी आली. द ग्रासलँड्स ट्रस्ट या संस्थेच्या मुलांना लांडग्यांच्या कळपात वेगळ्या रंगाचं जनावर दिसलं होतं. नमुने एनसीबीएस आणि एट्री या बंगळुरूच्या संस्थांच्या शास्त्रज्ञांकडे गेले, जनुकसंच वाचला आणि तो लांडगा-कुत्रा संकर असल्याचं सिद्ध झालं. भारतात जनुकसंचाच्या पुराव्याने दाखवलेली ही पहिली केस. तेव्हा तुझ्या व्हिडिओतलं जनावर तसंच असेल का? असू शकतं. रंग फिका आहे, पाय लांडग्यासारखे लांब आहेत, पण शेपटी वर वळतेय आणि ते बाकीच्यांपेक्षा माणसाला कमी बिचकतंय. एवढ्यावरून मी ठाम सांगणार नाही, कारण लांडग्यांतही रंगाला भरपूर वाव असतो.

लांडगा आणि कुत्रा दोघांनाही 78 गुणसूत्रं. कुत्रा लांडग्यापासूनच निघाला, त्यामुळे त्यांची पिल्लं वांझ नसतात आणि ती पुढे लांडग्यांतच वीण करतात. पहिल्या पिढीत कुत्र्याचा अर्धा वाटा, पुढच्या पिढीत पाव, मग दोन आणे. दोन आणे कुत्रा असलेला लांडगा डोळ्याला ओळखू येत नाही. जनुकात मात्र तो दिसतो.

मग ते वाईटच का? इथे उतावळं होऊ नये. उत्तर अमेरिकेतल्या लांडग्यांचा काळा रंग मुळात कुत्र्यांकडून आलेल्या जनुकामुळे आहे, आणि 2022 मधल्या अभ्यासात दिसलं की डिस्टेंपर या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगाच्या साथींत हे काळे लांडगे जास्त तगतात. थोडी देवाणघेवाण उत्क्रांतीत नेहमीच होत आली आहे. प्रश्न प्रमाणाचा आहे. स्कॉटलंडमधलं रानमांजर बघ. पाळीव मांजरं तिथे सुमारे दोन हजार वर्षं आहेत, पण 2023 च्या जनुक अभ्यासात कळलं की मोठा संकर गेल्या सत्तरेक वर्षांतच झाला. एवढी शतकं रानमांजराने स्वतःला वेगळं राखलं. संख्या घटली, जोडीदार मिळेना, तेव्हा ते घरमांजरांत विरघळायला लागलं. आता बंदिस्त जागेत वाढवलेली रानमांजरं 2023 पासून केअर्नगॉर्म्स डोंगरात सोडायला लागलेत.

आपल्या माळावर नेमकी हीच परिस्थिती तयार होतेय. लांडग्याच्या कळपाला वावरायला शंभराहून अधिक चौरस किलोमीटर लागतात. सुप्याजवळचं मयूरेश्वर अभयारण्य चिंकाऱ्यांसाठी चांगलं आहे, पण ते सगळं मिळून सुमारे 5 चौरस किलोमीटर. म्हणजे लांडगा अभयारण्यात राहूच शकत नाही. त्याला आपल्या गायरानात, पडीक रानात राहावं लागतं. आणि सरकारी दप्तरात त्या गवताला 'पडीक' म्हणतात, यात निम्मं दुखणं आहे. मोकळं दिसलं की खड्डे खणून झाडं लावा, नाहीतर प्लॉटिंगचे दगड रोवा. आघारकर संशोधन संस्थेच्या लोकांनी तळेगाव दाभाड्याच्या गवताळ उतारांवरून 2024 मध्ये वनस्पतीची एक नवी जात नोंदवली, डिक्लिप्टेरा पॉलीमॉर्फा. ती वर्षातून दोनदा फुलते, आणि दुसऱ्यांदा वणवा लागून गेल्यावर. पुण्याच्या उंबऱ्यावरच्या, लोक 'काही नाही तिथे' म्हणतात त्या उतारावर हे घडतंय.

दुसरं कारण आणखी जवळचं. पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या ओढ्यात, रस्त्याकडेला टाकतात. तुझ्या व्हिडिओतही मागे पांढरी पोती दिसतायत. तिथे गावची कुत्री आणि लांडगे एकाच उकिरड्यावर येतात. त्यातून संकर होतो, आणि डिस्टेंपर, पार्व्हो, रेबीजही तिथूनच जातो. संकर दिसतो म्हणून त्याची बातमी होते. रोग कुणाला दिसत नाही.

आता कामाचं. ते जनावर काय आहे हे ठरवायला त्याला पकडायची गरज नाही, विष्ठा पुरते. मी या कामात आले तेव्हा मला वाटायचं डीएनए विष्ठेच्या आत असतो. आत असतो तो मुख्यतः खाल्लेल्या शेळीचा. लांडग्याच्या स्वतःच्या पेशी आतड्यातून घासून बाहेरच्या चकचकीत थरावर चिकटलेल्या असतात. म्हणून पहाटे, ऊन चढायच्या आत जायचं, कारण उन्हाने डीएनए तुटतो. विष्ठा ताजी असेल तर गडद आणि ओलसर असते, दोन दिवसांची झाली की हाडांतल्या चुन्याने पांढरी पडते आणि तिच्यात शेळीचे केस दोऱ्यासारखे वळलेले दिसतात. ताजीवरच कापसाची काडी वळवून फिरवायची, काडी लगेच नळीत, नळीवर तारीख, वेळ, जागा. हातमोजे दर नमुन्याला नवे, नाहीतर आपला आणि घरच्या कुत्र्याचा डीएनए मिसळतो. एवढं करूनही निम्मे नमुने प्रयोगशाळेत काही बोलत नाहीत. म्हणून एकाच जागचे आठ-दहा घ्यावे लागतात.

पण तू आत्ताच काडी घेऊन निघू नकोस. लांडगा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, नमुन्यांसाठी वनविभागाची परवानगी लागते. ती प्रक्रिया आपण मिळून करू. तोवर तू चार गोष्टी कर. व्हिडिओ कॉलेजच्या ग्रुपवर टाकलास ना, तो आजच काढून टाक. लोक गाड्या घेऊन येतील. थंडीचे दिवस आहेत, आणि याच दिवसांत लांडगी ओढ्याकाठच्या घळीत पिल्लं घालते. माणसांचा राबता वाढला की ती पिल्लं तोंडात धरून जागा बदलते आणि त्यात काही मरतात. दुसरं, वही घाल आणि प्रत्येक वेळी तारीख, वेळ, किती जनावरं, पिवळं सोबत आहे की एकटं, एवढंच लिही. महिनाभर सलग. तिसरं, गावातली किती कुत्री रात्री माळावर जातात ते मोज. हा आकडा तुझ्याशिवाय कुणालाच मिळणार नाही, आणि गावच्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण मागायचं तर तोच कागदावर लागेल. चौथं, कुणाची शेळी गेली तर रागाने मटणात विष घालायच्या आधी त्याला सांग की वनविभागाला लगेच कळवून पंचनामा केला तर भरपाई मिळते. एका विषारी आतड्यावर अख्खा कळप मरतो.

आणि त्या पिवळ्याला मारायची भाषा कुणी केली तर थांबव. ते संकर ठरलं तर नसबंदी करून तिथेच ठेवायचं की हलवायचं, हा निर्णय नमुन्यानंतर, वनविभागाबरोबर बसून घ्यायचा आहे. आज ते एका कळपातलं चौथं जनावर आहे आणि बाकीच्या तिघांची शिकार त्याच्यासोबत बेतलेली आहे.

पुढच्या रविवारी मी जेजुरीच्या बाजूला येतेय. आबांना विचार, सकाळी सहाला मेंढरांच्या वाघरीपाशी, म्हणजे जाळीच्या कोंडवाड्यापाशी आलं तर चालेल का. मेंढरं मोकळी सुटायच्या आधी मला त्यांच्याकडून एक ऐकायचं आहे: त्यांच्या तरुणपणी या माळावर लांडग्यांचे किती कळप होते, आणि पिवळं जनावर त्यांनी पहिल्यांदा कधी पाहिलं.